‘थ्रीडी जन्मतःच दिसतं’ हे साफ खोटं आहे

“कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) आणि एआयच्या जमान्यात इंजिनीअरिंगच्या मुलांकडून हाताने स्केचेस काढून घेणं म्हणजे वेळेची नासाडी. थ्रीडी ज्याला दिसतं त्याला जन्मतःच दिसतं, मुलींना तर कमीच दिसतं, आणि कल्पकता काही शिकवून येत नाही.” हा मेसेज मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. भाऊजींनी तो थेट माझ्या भाचीला पाठवला, म्हणून हे लिहितेय. तिला यंदा मेकॅनिकल मिळालंय, ड्रॉइंगच्या पहिल्याच चाचणीत ती अडकली आणि आता घरात ब्रँच बदलायची भाषा सुरू झालीय.

जन्मतःच? अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांची चाचणी घेतली: वस्तू मनातल्या मनात फिरवून ओळखायची. ६० टक्के किंवा त्याहून कमी गुण पडले त्यांच्यासाठी वेगळा कोर्स काढला. ठोकळे रचायचे, ती रचना हाताने आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे तीन बाजू एकदम दिसतील अशा तिरक्या कोनातून काढायची, फिरवून पुन्हा काढायची, कापली तर आत काय दिसेल तेही काढायचं. कोर्सनंतर गुण वाढले. नापासांत मुलींचं प्रमाण जास्त होतं, हे मान्य. मुलाच्या हाती मेकॅनो आणि मुलीच्या हाती भातुकली देणारे आपणच. पण नापास झालेल्या मुलींपैकी कोर्स केलेल्या ९० जणींतल्या ६९ इंजिनीअरिंगमध्ये टिकल्या. न केलेल्या १६१ जणींतल्या फक्त ७७. कोर्स ऐच्छिक होता, म्हणजे जिद्दीच्या मुलीच तिकडे वळल्या असतील असं धरा. तरी वाढलेल्या गुणांचं काय करणार? खुद्द सॉर्बींनाही विद्यार्थिनी असताना ग्राफिक्स जड गेलं होतं.

‘वेळेची नासाडी’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. आपल्या कॉलेजांत सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट उतरवतात, म्हणजे जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारतात. त्यातून हात दुखतो, डोळा तयार होत नाही. पण हे उतरवणं झालं, स्केचिंग नव्हे. कॅडमध्ये माणूस लवकरच मापांत आणि कमांडमध्ये अडकतो. कागदावर पाच मिनिटांत एखाद्या ब्रॅकेटचे (आधार देणाऱ्या तुकड्याचे) चार आकार काढून तीन खोडता येतात. कल्पकतेचा सराव तो हाच. आणि एआयने काढलेला पाइप बीमला आडवा जातोय, हे कुणाला तरी दिसावं लागेलच ना?

भाऊजी, ब्रँच बदलायचा अर्ज राहू द्या. तिला एक गाजर आणि सुरी द्या. तिरका काप कसा दिसेल ते आधी वहीत काढायचं, मग कापून ताडून बघायचं. पुढच्या चाचणीपर्यंत रोज.