पाच नियमांनी संदर्भ पारखला जात नाही

प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. संदर्भ विश्वासार्ह आहे की नाही हे पाच नियमांत ओळखा, असा त्याचा दावा. डॉट ऑर्ग आणि डॉट एज्यु चालतात, डॉट कॉम चालत नाही. विकिपीडिया उघडायचाच नाही. पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी जाणकारांची तपासणी, झालेला निबंध डोळे झाकून घ्यायचा. पाच वर्षांपेक्षा जुनं ते टाकून द्यायचं. आणि ज्या निबंधाचा दाखला जास्त जणांनी दिला, तो सगळ्यात भरवशाचा. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे मसुदे तपासते. हे पाचही नियम मन लावून पाळलेले आणि तरीही पायात कच्चे राहिलेले निबंध माझ्यापुढे येतात, तेव्हा त्या मुलांच्या मेहनतीचं फार वाईट वाटतं. म्हणून एकेक नियम घेऊन लिहिते.

पत्त्याच्या शेवटी काय आहे, यावरून फारसं काही कळत नाही. डॉट ऑर्ग कोणीही पैसे भरून घेऊ शकतं, संस्था ना-नफा असलीच पाहिजे अशी अट नाही. डॉट एज्यु २००१ पासून मान्यताप्राप्त अमेरिकी शिक्षणसंस्थांनाच मिळतं, पण त्याच पत्त्यावर विद्यार्थ्यांची वैयक्तिक पानंही असू शकतात. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटना होत्या. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये वेगळी निघालेली, अगदी छोटी. दोन्ही डॉट ऑर्गवरच. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना छोटी संघटनाच अधिक विश्वासार्ह वाटली, कारण ते त्याच पानावर खालीवर फिरत राहिले. तथ्यतपासनीसांनी पान जेमतेम पाहिलं आणि नव्या टॅबमध्ये त्या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. ही सवय एका दुपारी लागते.

विकिपीडियाविषयी थोडक्यात. प्रबंधात त्याचा दाखला देऊ नये हे बरोबर आहे, पण तो कुठल्याच विश्वकोशाचा देऊ नये, छापील असला तरी. उघडू नये हे मात्र चूक. लेखाच्या तळाशी संदर्भ असतात, तिथून मूळ निबंधापर्यंत पोहोचता येतं. ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ या टॅबमध्ये कुठल्या वाक्यावर वाद झाला, कोणी काय खोडलं, हेही दिसतं. छापील कोशात ही भांडणं वाचायला मिळत नाहीत.

आता तिसरा नियम. सगळ्यात जास्त नुकसान याच नियमाने होतं, असं माझं मत आहे. पीअर रिव्ह्यूमध्ये त्या विषयातले साधारण दोन-तीन जाणकार हस्तलिखित वाचतात. पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतात का, हे पाहतात. प्रयोग ते स्वतः करून बघत नाहीत, आणि मूळ नोंदी बहुतेकदा त्यांच्या हातात नसतात. २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक निबंध आला. सुमारे ९६ हजार रुग्ण, ६७१ रुग्णालयं. नोंदी सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडच्या होत्या. त्या स्वतंत्र तपासणीला द्यायला कंपनीने नकार दिला आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. हा दोन आठवड्यांच्या आत उघडा पडला. त्याच नियतकालिकात १९९८ मध्ये आलेला, १२ मुलांवरचा, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा निबंध पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं. मधली बारा वर्षं तो ‘पीअर रिव्ह्यू झालेला’च होता.

म्हणून मी मुलांना सांगते, साठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. निबंध मागे घेतल्याची सूचना नियतकालिकाच्या पानावर लागते, तुमच्या लॅपटॉपमधल्या फाइलवर ती आपोआप येत नाही. मसुदा देण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या संदर्भाचं मूळ पान पुन्हा उघडा.

उलट बाजूही आहे. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी पॉइंकारे अनुमान या गणितातल्या प्रसिद्ध प्रश्नाची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये आर्काइव्हवर (arXiv, पीअर रिव्ह्यूशिवाय निबंध ठेवण्याचं संकेतस्थळ) नुसती ठेवली, नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. इतर गणितज्ञ काही वर्षं ओळ न् ओळ तपासत बसले आणि ती टिकली. शिक्का नसतानाही तपासणी झाली होती, आणि तीही नेहमीपेक्षा कितीतरी कडक.

पाच वर्षांचा नियम औषधोपचार किंवा सॉफ्टवेअरसारख्या विषयांत ठीक आहे. इतिहासात तो लावला तर मूळ साधनंच बाद होतील.

शेवटचा नियम, दाखल्यांच्या संख्येचा. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं की पालकात लोह भरपूर असतं हा समज दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला. खाली चार तळटिपा, चारही व्यवस्थित. मी विचारलं, यातल्या कोणी ते चुकलेलं दशांशचिन्ह स्वतः पाहिलंय का? आम्ही दोघी शोधायला बसलो. पहिली तळटीप दुसऱ्या एका पुस्तकाकडे बोट दाखवत होती, ते पुस्तक आणखी एका लेखाकडे. असं मागे जात आम्ही १९८१ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या छोट्या लेखापाशी थांबलो. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात ही चूक शोधली, असं त्यात म्हटलं आहे. कुठे शोधली, याचा संदर्भ नाही. पुढे माइक सटन या संशोधकांनी कसून शोध घेऊन २०१० मध्ये लिहिलं की या दशांशचिन्हाच्या गोष्टीला पुरावा सापडत नाही. चूक उघडी पाडल्याची म्हणून सांगितली जाणारी गोष्टच बिनपुराव्याची निघाली, आणि ती चार तळटिपांवर उभी होती.

तिने ते वाक्य काढलं नाही. ‘असं सांगितलं जातं, पण या कथेचा माग १९८१ च्या एका संदर्भहीन लेखापाशी थांबतो’ असं नव्याने लिहिलं आणि खाली एकच तळटीप ठेवली, स्वतः वाचलेल्या पानाची.