850 रुपयांचं वांदरबाशिंग

रविवारी मी अंघोळीला गेलो, तेवढ्यात माझ्या फर्नचं जावळ काढून झालं.

स्टॅगहॉर्न फर्न. सांबराच्या शिंगांसारखी पानं, मूळ गाव ऑस्ट्रेलियाकडे. हे सहसा कुंडीत लावत नाहीत. फळीवर ओलं मॉस ठेवून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधायचं आणि भिंतीला टांगायचं. किंमत 850, घरात सांगितली 250. फळीमागं नर्सरीची चिठ्ठी आहे, तिच्यावर लॅटिन नाव. पाटी कुठल्या भाषेत यावरून डोकी फुटणाऱ्या आमच्या बेळगावात लॅटिनला मात्र कुणाची हरकत नाही.

शेजारचे मामा पेपर वाचायला आले होते. आमचा पेपर, आमच्याआधी.

"फळीला कशाला बांधलास रे? पळून जातंय काय?"

"मामा, ते झाडावरच वाढतं. माती लागत नाही."

"म्हंजे बांडगूळ."

"बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बसतं. पाणी पावसाचं, खत वरनं पडलेल्या पाल्याचं."

"भाडं न देता ऱ्हातंय म्हण की."

"तसंच."

मामांनी चष्मा काढून फर्नकडं निरखून बघितलं. "मग आपल्यावानीच की रे. 1956 पासनं लटकलोय. ना ह्या फांदीचं, ना त्या."

मी हसलो. तिथंच चुकलं. हसलं की मामांना वाटतं, घर आपलंच.

"आमच्या जांबोटीत आंब्यावर ढीगभर असतंय हे. वांदरबाशिंग. फुकट."

ते वेगळं, हे वेगळं, असं मी सांगितलं. तापात बडबडणाऱ्या पोराला म्हणावं तसं मामा "व्हय व्हय" म्हणाले. मी टॉवेल घेतला.

बाहेर येतो तर पुरवणीवर (मी न वाचलेल्या) तपकिरी तुकड्यांचा ढीग. बुडाशी फळीला चिकटलेलं पापडासारखं वाळकं पान असतं ना, ते मामांनी सोलून काढलं होतं. ते पान म्हणजे झाडाचा माठ आणि खताचा खड्डा, शिवाय झाड धरून ठेवणारा हात. वाळलं तरी काढायचं नसतं. पानांवरची पांढरी लव ओल्या फडक्यानं पुसली होती. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ती असते. टोकांखाली तपकिरी मखमल दिसत होती, ते बीजाणू. दोन वर्षं मी त्यांची वाट बघितली.

"करपा पडला होता. कात्रीनं काढलो बघ."

आणि आमच्या घरातून आवाज काय आला? "मामा, चहा टाकू?" सोबत खायला कुंदा. ज्याचं सोललं त्याला बिस्कीटही नाही.

मला राग झाडाचा नाही, खरंच. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं. त्यातली एक बादली मी घरच्यांची बोलणी खाऊन फळी बुडवायला राखतो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी "लावू का?" एवढं विचारायला किती पाणी लागतं? पण बोललो तर मीच चिडका. "मोठ्या माणसानं प्रेमानं केलं!" प्रेमानं कात्री चालवली की जखम होत नाही, असा इथं समज आहे.

काल मामा गावाहून आले. गोणपाटात अंगठ्याएवढा जाड, केसाळ कंद आणि त्याला चिकटलेली वाळकी पानं. ती मात्र एकही सोलली नव्हती.

"घे. 850 घालवलास, ते ह्यात भरून काढ."

"मामा, 850 कुणी सांगितलं?"

"फळीमागं चिठ्ठी होती की."

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला.