चावी मयताच्या खिशात

तुमच्या रुग्णालयात लवकरच मॉक ड्रिल, म्हणजे आपत्तीची रंगीत तालीम, होणार असेल तर आधी अभिनंदन. आमच्याकडे गेल्या गुरुवारी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून मी तिच्यात नखशिखान्त सहभागी होते. नोकरीला बावीस वर्षं झाली, पण इतकी नीटनेटकी, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारी आपत्ती मी आजवर पाहिली नव्हती. आठवण ताजी आहे तोवर तुमच्या उपयोगी पडतील अशा काही सूचना देऊन ठेवते.

पहिलं म्हणजे तारीख आणि वेळ आठ दिवस आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करा. सकाळी अकराची वेळ उत्तम. राऊंड उरकलेला असतो, साहेब आलेले असतात, दोन्ही लिफ्ट चालू असतात, दिवसपाळीची माणसं भरपूर असतात आणि उजेड चांगला असल्यामुळे फोटो स्वच्छ येतात. रात्रपाळीवाल्यांना बोलावू नका, त्या बिचाऱ्या तेव्हा घरी झोपलेल्या असतात. खऱ्या आगींना मात्र वेळेची शिस्त नाही. कोलकात्याच्या रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला लागली ती पहाटे. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षात लागली ती मध्यरात्रीनंतर. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या आयसीयूत लागली ती पहाटे तीनच्या सुमारास. झाशीत १५ नोव्हेंबर २०२४ ला बाळांच्या कक्षात लागली तीही रात्रीच. यांतल्या एकाही आगीला कुणी सर्क्युलर धाडलं नव्हतं. आणि अशा वेळी वॉर्डात असतात दोन सिस्टर, एक मावशी आणि झोपलेले नातेवाईक. तुम्ही मात्र अकराच धरून चाला.

फायर एक्स्टिंग्विशर पुसून चकचकीत करा, पण कुणाला वापरून पाहू देऊ नका. सील तुटतं.

आता प्रशिक्षण. ते सभागृहात घ्या आणि पडद्यावर घ्या. आमच्याकडे चौऱ्याऐंशी स्लाइड होत्या, त्यांतल्या पहिल्या अकरा संस्थेच्या वाटचालीवर. मग इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र ‘रेस’ आलं: आधी रुग्णाला धोक्यातून काढा, मग इशारा द्या, मग दारं लावून आग कोंडा, मग जमलं तर विझवा. मग एक्स्टिंग्विशर वापरायचं तसंच सूत्र ‘पास’ आलं: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. छान. मी शेजारच्या सिस्टरला विचारलं, तू पिन कधी ओढली आहेस का? ती म्हणाली, आत्ता स्लाइडवर बघितली ना. सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, शिकवलं तरी सराव नसला की काही महिन्यांत हात विसरतात, हे आम्हीच नव्या मुलींना सांगतो. तोच नियम आगीला लागू नसावा, कारण आमचं याआधीचं प्रशिक्षण तीन वर्षांपूर्वी झालं होतं. तेव्हाही स्लाइड याच होत्या. एकीत तर आता निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंचा नंबर ‘तातडीचा संपर्क’ म्हणून अजून झळकत होता.

हजेरीपटावर सही मात्र आधीच घ्या. प्रशिक्षण झाल्यावर माणसं थांबत नाहीत.

भोंग्यावरून कुठलं संकट ते सांगणाऱ्या कोडच्या रंगांचा घोळ मुद्दाम तसाच राहू द्या. निळा म्हणजे हृदय बंद, लाल म्हणजे आग, गुलाबी म्हणजे बाळ पळवलं, इथवर बहुतेकांचं जमतं. पिवळ्याचा अर्थ मात्र रुग्णालयागणिक बदलतो. आमच्याकडे पिवळा म्हणजे बाहेरून एकदम खूप जखमी येणार. महिन्यापूर्वी दुसरीकडून आलेल्या आमच्या नव्या सिस्टरच्या जुन्या ठिकाणी त्याचा अर्थ रुग्ण बेपत्ता. गुरुवारी भोंग्यातून ‘कोड यलो’ ऐकू आल्यावर तिने गुणी मुलीसारखी बाथरूमं तपासायला घेतली. तिला हसू नका. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रुग्ण म्हणून कुणाला निवडायचं याचाही विचार हवा. पन्नास किलोच्या आतला, हसतमुख, आणि स्ट्रेचर आलं की स्वतःच उठून त्यावर बसणारा विद्यार्थी घ्या. आमच्याकडच्याने तर चादरही स्वतः सारखी केली. चौदा नंबरच्या खाटेवरचे काका बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून श्वास देणाऱ्या यंत्रावर आहेत, ऐंशी किलोंच्या वर आहेत, त्यांना कॅथेटर आहे, औषधाचे दोन पंप चालू आहेत. त्यांना हलवायचं तर एकाने ऑक्सिजन, एकाने पंप आणि तिघांनी काकांना धरायचं. रात्री आम्ही तिघी. हा हिशेब ड्रिलमध्ये मांडू नका, गणित बसत नाही. आणि आधी त्याच मजल्यावर आग अडवणारं दार ओलांडून पलीकडच्या भागात न्यायचं, जिना शेवटी, हे तर अजिबात शिकवू नका. सगळ्यांना थेट अंगणात धावत आणा, फोटोत गर्दी दिसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात वीज गेली, जनरेटरनेही दगा दिला, तेव्हा नवजात कक्षातली २० बाळं नऊ मजले अंधाऱ्या जिन्याने खाली आणावी लागली. व्हेंटिलेटरवरच्या बाळांना परिचारिका हाताने बॅग दाबून श्वास देत उतरल्या. सगळी बाळं सुखरूप. त्यांच्या जिन्याचं दार उघडं होतं, एवढीच नोंद मी इथे करते. दाराकडे पुढे येतेच.

ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला हात लावू नका आणि त्याबद्दल बोलूही नका. भिंतीत काचेआड एक व्हॉल्व्ह असतो, तो फिरवला की अख्ख्या वॉर्डचा पुरवठा तुटतो. आग लागली तर तो बंद करावा लागतो, कारण एरवी हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आणि गळतीने तो वाढला की जी गादी एरवी धुमसली असती ती धडाडून पेटते. पण सिलिंडर लावायच्या आत बंद केला तर बायपॅपवरचे काका गेले. मग तो कुणी फिरवायचा, कुणाच्या सांगण्यावरून, आणि त्याआधी सिलिंडर कुणी आणायचे? मी हे तीनदा विचारलं. पहिल्यांदा सांगितलं, बायोमेडिकल (यंत्रं सांभाळणारा विभाग) बघेल. दुसऱ्यांदा, ॲनेस्थेशिया (भूल विभाग) ठरवेल. तिसऱ्यांदा, सिस्टर, वेळ कमी आहे. नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला ठिणगीसुद्धा पडली नव्हती. टाकी गळली, दाब उतरला आणि ऑक्सिजनवरची वीसहून अधिक माणसं गेली. पण आपत्ती म्हणजे ज्वाळा असं आमच्या स्लाइडवर चित्रासकट छापलेलं आहे.

आता मुख्य प्रसंग. हा नीट वाचा, कारण असा योग जुळवून आणायला फार नियोजन लागतं.

कथानक असं होतं: दुसऱ्या मजल्यावर शॉर्टसर्किट, धूर, बारा जखमी. जखमी व्हायला नर्सिंगच्या विद्यार्थिनी ठरल्या होत्या, पण त्यांची परीक्षा निघाली, म्हणून ऐनवेळी सफाईच्या मावशी आणि सुरक्षारक्षक मामांना झोपवलं. ट्रायाजचा, म्हणजे कुणावर आधी उपचार करायचे ते रंगीत पट्टी बांधून ठरवण्याचा, नियम सोपा आहे. चालू शकतो तो हिरवा. श्वासाची वाट मोकळी करूनही श्वास येत नाही तो काळा, म्हणजे मयत. श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त, किंवा सांगितलेलं कळत नाही, तर लाल. उरलेले पिवळे. माणसामागे मिनिटभरसुद्धा लावायचं नाही. आमच्याकडे ते काम त्याहून लवकर झालं, कारण कुणाला काय द्यायचं हे आदल्या दिवशीच यादीत ठरलं होतं. फक्त लाल पट्ट्या चारच निघाल्या. पाचव्या लालच्या जागी सुरक्षारक्षक मामा होते. त्यांना काळी बांधली. म्हणजे मामा पट्ट्यांच्या तुटवड्याने वारले.

इकडे आम्ही स्ट्रेचर घेऊन पश्चिमेच्या आपत्कालीन जिन्याशी पोचलो. दाराला कुलूप. एरवीही असतं, नातेवाईक तिथून ये-जा करतात, मोबाइल चोरीला जातात, ही कारणं आम्हाला पाठ आहेत. चावी कुणाकडे? चावी मामांकडे. मामा कुठे? मामा खाली पोर्चमध्ये, फरशीवर, काळी पट्टी बांधून, डोळे मिटून. मी जिन्याशेजारच्या खिडकीतून ओरडले, मामा, चावी! त्यांनी डोळे उघडले, खिशाला हात घातला आणि उठायला लागले. तेवढ्यात पाहणीवाले साहेब हातातली पाटी आपटत म्हणाले, “ओ, तुम्ही मयत आहात. मयताने हलू नये, बोलू नये.” मामा आज्ञाधारक. पुन्हा आडवे झाले. चावी खिशात, मामा मयत, आम्ही दारात. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, “सिस्टर, लिफ्टने आणा.” आगीत लिफ्ट वापरू नये, ही स्लाइड क्रमांक एकेचाळीस. आणलं लिफ्टने. टाळ्या वाजल्या. अहवालात लिहिलं आहे: ‘रुग्णांचे सुरक्षित स्थलांतर ६ मिनिटांत.’

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे बंब, चावी आणि साहेब सगळे एकाच पोर्चमध्ये होते, तरी जमलं नाही.

शेवटी आढावा बैठक. ती दहा मिनिटांत आटपा आणि कौतुकानेच भरा. मी कुलपाचं बोलले तर, “सिस्टर, एवढी मेहनत घेतलीय सगळ्यांनी, जरा सकारात्मक बोला.” १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टनमध्ये मॅरेथॉनच्या शर्यतीत स्फोट झाले. तिघं जागीच गेले, पण अडीचशेच्या वर जखमींमधला रुग्णालयात जिवंत पोचलेला एकही दगावला नाही. नशीबही होतं, दुपारी पाळी बदलायची वेळ होती आणि दोन्ही पाळ्यांची माणसं हातात मिळाली. पण त्या शहरातल्या रुग्णालयांनी आधी वर्षानुवर्षं सराव केले होते, आणि सरावात काय फसलं ते लिहून ठेवून दुरुस्त केलं होतं. फसलेलं लिहायचं असतं हो. त्यासाठीच ड्रिल असते. जिच्यात काही फसत नाही ती ड्रिल काय कामाची? तिला स्नेहसंमेलन म्हणा आणि मोकळे व्हा.

मामांना मी नंतर विचारलं, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं होतं का? म्हणाले, आम्ही ठेक्यावरचे, आमचं नाव यादीत नसतं. ठेका बदलला की रक्षक बदलतात, या वर्षात दुसरे आहेत हे मामा. ज्यांच्याकडे जिन्याची चावी, जे रात्री ऑक्सिजनचे सिलिंडर बदलतात, जे मेन स्विच कुठे आहे ते अंधारातसुद्धा सांगतील, ते सगळे ठेक्यावरचे. त्यांना सभागृहात जागा नाही. त्यांना जागा आहे फक्त फरशीवर झोपायला. आणि आमच्या रात्रपाळीच्या मुलींना नंतर एक कागद पाठवला: ‘प्रशिक्षण मिळाले, सही करा.’ न मिळालेल्या प्रशिक्षणाची पावती. उद्या काही झालं तर हाच कागद काढून दाखवाल ना, की सिस्टरला सगळं माहीत होतं? मग निलंबन तिचं, चौकशी तिची, टीव्हीवर चेहरा तिचा. आणि कुलूप कुणी लावलं ते कुणी विचारणार नाही. जरा तरी लाज बाळगा. त्या दारामागे माणसं असतात, आणि त्यांतली निम्मी स्वतःच्या पायांनी उठूही शकत नाहीत.

माझ्या तक्रारीवर कार्यवाही झाली बरं का. सोमवारी परिपत्रक आलं: सुरक्षारक्षकाकडून चावी गहाळ होऊ शकते, सबब आपत्कालीन जिन्याची चावी यापुढे प्रशासन कार्यालयात राहील. कार्यालयाची वेळ, सकाळी दहा ते सायंकाळी सहा.

आज रात्री माझी नाईट आहे. सहाला वीस मिनिटं आहेत. चावी काढून ठेवा, मी घ्यायला येतेय.