एका पाउंडाची बिदागी

माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, जिथे पूर्वी पासपोर्ट साइझ फोटो असायचे तिथे, सध्या एक पाउंडाचं नाणं आहे. ते मी कमावलेलं आहे. जी नोकरी मी कधी पत्करलीच नव्हती, तिची ती बिदागी. बुधवारी, ३० नोव्हेंबर २०२२च्या रात्री मिळाली. आज शुक्रवार आहे आणि माझं डोकं अजून थंड झालेलं नाही. बाहेर थंडी चार डिग्री असूनसुद्धा.

थोडक्यात सांगतो. ब्लॅकपिंक नावाचा चार कोरियन मुलींचा गाण्याचा ग्रुप आहे. (कोरियन म्हणालो, त्याची दुरुस्ती पुढे येईल.) त्यांची ‘बॉर्न पिंक’ टूर ऑक्टोबरात सोलमध्ये सुरू झाली आणि अमेरिका करून लंडनला आली, ओटू अरीनामध्ये लागोपाठ दोन रात्री. माझी लेक चौदा वर्षांची आहे. बाकीचं तुम्हाला कळलंच असेल. तिकिटं केवढ्याला पडली ते लिहीत नाही, कारण हे सांगलीला आई वाचते. एवढंच म्हणतो, की तेवढ्यात आमच्या काकूंचा एका डोळ्याचा मोतीबिंदू निघून दुसऱ्या डोळ्याला सोन्याच्या काडीचा चष्मा आला असता. सोबत कुणी जायचं यावर घरात चर्चा झाली. बायको म्हणाली, “मला दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे.” मला जणू दुसऱ्या दिवशी पंढरीची वारी होती.

पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, हे प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. पहिली गोष्ट कपड्यांची. लेकीने आठवडाभर आधी बजावलं होतं, “बाबा, तू पिंक अजिबात घालायचं नाही. ग्रुपचं नाव ब्लॅकपिंक आहे ना? तू ब्लॅक घाल, पिंकचं मी बघते.” म्हणून काळी पँट, काळे बूट आणि सेलमध्ये घेतलेलं काळं फुगीर जॅकेट. दुसरी गोष्ट, ऑफिसातून थेट निघाल्यामुळे गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच राहिली. तिसरी गोष्ट बॅटरी. बॅटरी म्हणजे हातात धरायची, उजेड पाडणारी. घराबाहेर पडताना रुमाल, सुटे पैसे आणि बॅटरी हवीच, असं माझ्या वडिलांचं म्हणणं असे. लोडशेडिंगच्या गावात वाढलेल्या माणसाचा मोबाइलच्या दिव्यावर विश्वास बसत नाही.

ज्युबिली लाइनने किंग्जबरीहून नॉर्थ ग्रिनिचला थेट जाता येतं. बाहेर पडलं की ओटूचा तो तंबू. २००० साली मिलेनियम डोम म्हणून उघडला तेव्हा अर्धं लंडन त्याला हसत होतं. व्यास ३६५ मीटर, उंची ५२ मीटर, वर आलेले पिवळे खांब १२. दिवस, आठवडे, महिने! म्हणजे कुणा आर्किटेक्टने कालनिर्णय उभं करून त्याच्यावर ताडपत्री टाकली आहे. मागच्या बाजूला पाककृती छापल्या आहेत का, हे बघायचं राहून गेलं.

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, पायऱ्यांच्या अगदी कडेला. त्या पायऱ्या इतक्या उभ्या, की सिंहगड बरा. आत अंधार, म्हणून मी लेकीच्या पायाशी बॅटरी धरली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“यंग मॅन!”

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. कुणी यंग मॅन म्हणालं की मी वळतो. तिथेच चुकलं.

आजीबाई पंच्याहत्तरीच्या असाव्यात. गळ्यात गुलाबी पिसांचा हार, हातात तो हातोडा. हातोडा म्हणजे ब्लॅकपिंकच्या चाहत्यांचा दिवा: काळी मूठ आणि दोन्ही बाजूंना गुलाबी बदाम. इतर ग्रुपचे चाहते नुसत्या कांड्या हलवतात, हे लोक हातोडे हलवतात. सोबत नातवंडं नव्हती. ती पुढच्या दोन रांगा सोडून बसली होती, आजीशी काही संबंध नसल्यासारखी. त्यावरून आमचं नशीब एकच आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“ही रांग कुठली?” त्यांनी तिकीट पुढे केलं. मी बॅटरी मारून सांगितलं. कुणीही सांगितलं असतं. त्या बसल्या, आणि अंगातला कोट काढून माझ्या हातावर ठेवला. खुंटीला ठेवतात तसा.

“मॅडम, मी इथला नाही हो,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. “ते दिसतंच आहे, डिअर. पण कामाला तर इथेच आहेस ना?”

आता याच्यावर काय बोलायचं? दोन दिवस मी उत्तरं जुळवतोय. अंघोळीला गेलो की एकापेक्षा एक सुचतात. त्या क्षणी मात्र मी म्हणालो, “नाही, म्हणजे मी मुलीबरोबर आलोय,” आणि लेकीकडे बोट दाखवलं. लेकीने शांतपणे मान दुसरीकडे वळवली.

“असं का? मुलीला कामावर आणायला परवानगी आहे?” आजीबाईंना खरंच कौतुक वाटलं. “किती चांगली माणसं आहेत. आमच्या वेळी असं नव्हतं.” मग आवाज खाली आणून, “आणि हे बघ, हा हातोडा पेटत नाही.”

मी हातोडा उघडला. बॅटऱ्या उलट्या घातल्या होत्या. सरळ केल्या. पेटला. हातातली वस्तू बिघडलेली दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय परत देता न येणं, हा आमच्या पिढीचा रोग आहे. पण त्याने माझा खटला संपला. कोट सांभाळतो, बॅटरी बाळगतो, दुरुस्ती करतो, गळ्यात पट्टी आहे. याला अजून काय पुरावा हवा?

मग रांगच लागली. एकाला उत्तर दिलं की दुसरा धीर करतो. पाण्याची बाटली कुठे भरायची? ब्लॉक चारशे अमुक कुठे? बाथरूम? बाथरूमचं मला माहीत होतं, मी नुकताच जाऊन आलो होतो, म्हणून सांगितलं. आजीबाईंच्या पुढे एक सहा फुटी पोरगा हाताने रंगवलेला फलक डोक्यावर धरून उभा होता. “त्याला सांग,” आजीबाईंनी हुकूम सोडला. मी त्याच्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणालो, “फलक जरा खाली घेता का?” त्याने लगेच खाली घेतला, वर “सॉरी, सर” म्हणाला. एकवीस वर्षांत या देशात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. घरात तर नाहीच. खोटं कशाला बोलू, मजा आली. पुढच्या दहा मिनिटांत मी न सांगता पायऱ्यांवर बसलेल्या तिघांना उठवलं.

पण मला एक सांगा. मी काळा शर्ट घालून कुठल्याही मोठ्या दुकानात शेल्फपाशी पाच मिनिटं उभा राहिलो, की कुणीतरी येऊन ओट्सचं दूध कुठे ठेवलंय ते विचारतं. माझ्या ऑफिसातला गोरा मित्र तसाच शर्ट घालून शेजारी उभा असतो, त्याला नाही विचारत. हे मी मोजलेलं आहे. तीन वेगवेगळ्या दुकानांत. तो म्हणतो, तुझा चेहरा मदत करणारा आहे. माझा चेहरा मदत करणारा नाही. आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा.

एवढ्यात दिवे गेले, वीस हजार माणसं एकदम किंचाळली आणि उभी राहिली. ती उठली ती उठलीच. खुर्चीचे पैसे भरायचे आणि दोन तास खुर्चीला पाठ दाखवून उभं राहायचं, हे गणित मला सुटत नाही. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीचं तिकीट काढून सतरंजीवर मांडी घातलेला माणूस मी. तिथे कुणी नुसता गुडघा मोकळा करायला उठला तरी मागून “ओ, खाली बसा!” येतं. इथे मी बसलो तर मला समोरच्या पँटचे खिसे दिसत होते. बरं, या वेळी उभं राहण्यात माझाच तोटा. बसलेला माणूस प्रेक्षक असतो. पायऱ्यांच्या कडेला काळ्या कपड्यांत, हातावर कोट घेऊन उभा असलेला माणूस प्रेक्षक नसतो.

गाणी सुरू झाल्यावर तरी आजीबाई गप्प बसतील असं वाटलं होतं. उलट त्या खुलल्या. चौघींची नावं त्यांना पाठ होती: जिसू, जेनी, रोझे, लिसा. मला केस बघून ओळखावं लागतं, आणि केसांचा रंग या मुली बदलतात. “लिसा थायलंडची,” त्या माझ्या कानात ओरडून शिकवू लागल्या. “आणि रोझे न्यूझीलंडला जन्मली, मेलबर्नला वाढली. ठाऊक आहे? इथे काम करतोस तर एवढं ठाऊक हवं.” मी म्हटलं, बघा! चारातल्या दोघी बाहेरच्या, तरी त्यांना कोरियन ग्रुप म्हणून जगाने डोक्यावर घेतलं. सप्टेंबरात त्यांचा अल्बम इथल्या यादीतही पहिला आला. लिसाला कुणी कोट धरायला देत नाही.

मग ते एक गाणं आलं, ज्याच्या सुरुवातीला व्हायोलिन आहे. आजीबाई एकदम थांबल्या. हातोडा खाली केला. “हा तर पॅगनिनी,” त्या म्हणाल्या. खरंच, ती सुरावट त्या जुन्या इटालियन व्हायोलिनवादकाची, पॅगनिनीचीच आहे, ‘छोटी घंटा’ अशा अर्थाच्या नावाची. त्यांचे यजमान ती रेकॉर्ड रविवारी सकाळी लावायचे म्हणे. गाणं संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. कोट या हातावरून त्या हातावर घेतला फक्त.

आता हे असं झाल्यावर माणसाने चिडायचं कसं? तीच तर पंचाईत आहे.

मध्येच एक खराखुरा कर्मचारी पायऱ्या उतरत आला. विशीतला, गव्हाळ, विद्यार्थी असावा. माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, “भैया, आपको ब्रेक मिला क्या? मैं दोपहर से खड़ा हूँ.” मी त्याला ठसक्यात म्हणालो, “मी तिकीट काढून आलोय.” इंग्रजीत. नको तितक्या चांगल्या इंग्रजीत. त्याचा चेहरा पडला, सॉरी म्हणाला, गेला. आजीबाईंना मी असं एकदाही सुनावलं नव्हतं. लंडन महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हाच मी स्वयंसेवकाचा बिल्ला लावून दहा दिवस चपला लावतो, तेव्हा कुणी “ओ दादा, इकडे या” म्हटलं तर धावत जातो. मग त्या पोरावरच का गुरकावलो, कोण जाणे. त्याला खिशातली लिमलेटची गोळी तरी द्यायला हवी होती.

शेवटचं गाणं झालं. आजीबाईंनी कोट घातला, म्हणजे मी घालून दिला. बाहीत हात सापडत नव्हता. त्यांनी पर्स उघडली, बराच वेळ चाचपडल्या आणि माझ्या तळहातावर ते नाणं ठेवून मूठ मिटवली. “तुझ्या साहेबांना सांगणार आहे मी, तू किती छान काम केलंस ते.”

आणि मी “थँक यू” म्हणालो.

परतीच्या गाडीत उभ्यानेच लेक आपले व्हिडिओ बघत होती. एकात स्टेज, धूर, चौघी जणी, आणि उजव्या कोपऱ्यात बॅटरीने कुणाला तरी बाथरूमची दिशा दाखवणारा मी. तिने तो तसाच मैत्रिणींना पाठवला. पुढच्या स्टेशनवर नेटवर्क आलं तसा प्रश्न आला: हा कोपऱ्यातला माणूस कोण? मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. तिने माझ्याकडे बघितलं, दोन क्षण विचार केला आणि लिहिलं: स्टाफ.

मग म्हणाली, “बाबा, त्या पाउंडातला अर्धा माझा. तिकीट मी सिलेक्ट केलं होतं.”