तेवीस पुस्तकं आणि एक लाल पेन

मला साडेएकेचाळीस मार्क पडलेत. शंभरपैकी. वर्षभर वाचलेल्या पुस्तकांबद्दल माझ्याच वहीत, माझ्याचसाठी लिहिलेल्या, माझ्याच मतांना. आणि मार्क देणाऱ्या माणसाने त्या तेवीसपैकी एकही पुस्तक वाचलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला बाजू ठरवायला बरं.

तर माझी एक वही आहे. पुस्तक संपलं की तारीख, नाव आणि दोन-चार ओळी. कुणाला दाखवायला नाही हो, पण नाही लिहिलं तर सहा महिन्यांनी मला "ते निळ्या कव्हरचं, ज्यात कुणीतरी मरतं" एवढंच आठवतं. वर्ष संपलं म्हणून वही चाळत बसले होते तेवढ्यात चुलतसासरे आले, नवरा आंघोळीला गेलेला, माझा फोन वाजला म्हणून मी आत गेले. पाच मिनिटं, फार तर सात. बाहेर येऊन बघते तर अण्णाकाकांनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावलाय, वही मांडीवर, आणि खिशातलं लाल पेन बाहेर.

काकांनी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि दर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासले. रिटायर होऊन एक तप झालं पण पेन काही रिटायर झालं नाही. सोसायटीची नोटीस लागली की खालून वर येईपर्यंत तिच्यातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त झालेले असतात आणि शेवटी 'पाहिले' अशी सही.

"बस," काका म्हणाले. माझ्याच घरात. "हे तू लिहिलंयस?"

"हो, पण काका ते जरा खासगी..."

"अक्षर बरं आहे." आणि समासात अर्धा मार्क दिला. अक्षराचा.

पहिला नंबर लागला 'रणांगण'चा. मी लिहिलं होतं, 'एवढंसं पुस्तक, पण जीव घेतं.' काकांनी 'जीव घेतं'खाली रेघ मारली. "कसा घेतं?"

"कसा म्हणजे?"

"स्पष्ट कर."

मग मी उभ्या उभ्या सांगायला लागले, की काका, ही विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी आहे, महायुद्ध तोंडावर आलंय, युरोपातून निघालेली बोट आहे, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून पळालेले ज्यू आहेत, त्यात एक मराठी तरुण आणि हॅर्टा नावाची ज्यू मुलगी, तो मुंबईला उतरणार आणि ती पुढे जाणार, आणि हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत आहे. बोलता बोलता माझाच आवाज जरा जड झाला.

"हे लिहिलंयस का इथे?"

"नाही."

"मग? परीक्षकाला मनातलं दिसत नाही." दहापैकी दोन.

मग 'कोसला'. १९६३ची, मी आता तिसऱ्यांदा वाचली, आणि खरं सांगते, त्याबद्दलचं माझं मत मला फार आवडलं होतं. 'पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पूर्ण पांडुरंग सांगवीकरच्या बाजूने होते, आता त्याच्या वडिलांचीही दया येते वगैरे.' काकांनी 'वगैरे'भोवती गोल काढला. एवढा मोठा की खालच्या ओळीतल्या पुस्तकालाही तो लागला.

"'वगैरे' केव्हा लिहितात माहितीये? पुढचं आठवत नाही तेव्हा."

"अहो काका, ती कादंबरीच तशी आहे. त्यात पानोपानी 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' आहे."

काका क्षणभर थांबले. मला वाटलं जिंकले. "लेखकाचा पेपर माझ्याकडे आला नव्हता," ते म्हणाले, आणि एक मार्क कापला.

मराठी साहित्याचं बरंच वाचलं म्हणायचं.

'स्मृतिचित्रे'पुढे 'मत अपुरे' असा शेरा आला तेव्हा मात्र मी पेटले. म्हटलं, काका, लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्रच अपुरं राहिलंय. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, शेवट त्यांच्या मुलाने लिहिला, आता मी काय पूर्ण करू? काकांनी विचार केला, 'अपुरे' खोडलं, वर 'नैसर्गिक कारण' लिहिलं आणि अर्धा मार्क वाढवला. मी "थँक यू" म्हणाले! याचा मला अजून राग आहे. काकांचा नाही, माझा. लक्ष्मीबाईंच्या जागी मी असते तर घरातल्या अशाच माणसांबद्दल हसत हसत चार भाग लिहिले असते. त्यांनी काय काय सोसलं, वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याने १८९५ साली धर्म बदलला तेव्हाची ताटातूट, आणि सांगताना कुठे कटकट म्हणून नाही. माझ्या हातून एक वही वाचत नव्हती.

तेवढ्यात काका पान उलटता उलटता म्हणाले, "तेवीस पुस्तकं! घरातलं सगळं बघून वेळ मिळतो?"

हा प्रश्न मला वर्षातून जितके लोक विचारतात तितकी मी पुस्तकंही वाचत नाही. वेळ मिळतो का, म्हणजे काम नाही वाटतं. नवऱ्याने तीन तास मॅच बघितली तर त्याला कुणी विचारत नाही वेळ मिळतो का, उलट स्कोअर विचारतात. मी पुस्तक घेऊन बसले की मात्र ते मोकळं बसणं असतं, अशा बाईला हाक मारायला हरकत नसते. पुस्तकात काय होतं हे तर कुणी विचारतच नाही, किती झाली ते विचारतात, मग कुणीतरी सांगतं की आमच्या ऑफिसातला एक जण शंभर वाचतो, ऐकतो म्हणे, दुप्पट स्पीडवर. बरं. म्हणजे पात्रं मरतानासुद्धा घाईत मरत असतील. जाऊ दे, मी काकांबद्दल सांगत होते.

तर 'वॉर अँड पीस'. इथे मला आतून बारीक घाम फुटला होता. मी लिहिलं होतं, 'टॉलस्टॉयचा आवाका थक्क करणारा. सुरुवातीची ती पार्टी तर अप्रतिम!' काकांनी वाचलं. परत वाचलं. पेन खाली ठेवलं, हे लक्षण वाईट.

"पुस्तकाचं नाव काय?"

"वॉर अँड पीस."

"म्हणजे युद्ध आणि शांती. तुझ्या मतात युद्ध कुठंय?"

मी गप्प.

"शांतीपण नाही. नुसती पार्टी आहे. ही पार्टी कितव्या पानावर?"

"...पहिल्या."

"आणि पुस्तक केवढं?"

मी कपाटाकडे बघितलं. बाराशेच्या वर पानं आहेत, पाचशेच्या वर पात्रं आहेत, आणि माझा बुकमार्क पान त्रेचाळीसवर जीभ काढल्यासारखा बाहेर आलेला होता. तो सोफ्यावरनं दिसत होता. काकांना जवळच्या चष्म्यातून दिसत नसेल असं मला वाटलं, पण त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि तोही बघितला. १८०५च्या जुलैत सुरू झालेली ती पार्टी, त्यात निम्मे लोक फ्रेंच झाडतायत, तो जाडा पिएर सगळ्यांना अवघडवतोय, मला खरंच आवडली होती हो. पण नेपोलियन मॉस्कोपर्यंत पोचायला १८१२ उजाडावं लागतं आणि मी तेव्हा आजारी पडले, मग बरी झाले, मग लाज वाटायला लागली, मग डिसेंबर आला. तेवीस हा आकडा बावीसपेक्षा बरा दिसतो.

"पहिला प्रश्न चांगला सोडवायचा आणि बाकी पुरवणी कोरी," काका म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अशी मुलं असायची." समासात लिहिलं, 'पुनर्परीक्षा.' वर्षभरात ज्या एका ठिकाणी मी खोटं बोलले तिथेच बोट, आणि तेही न वाचता!

शेवटचं 'बनगरवाडी'. माडगूळकरांची, १९५५ची. मी आता भांडायचं सोडलं होतं.

"यात काय आहे?"

"एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत जातो. शाळा चालवायला."

काका सरळ बसले. "हजेरीपट नीट ठेवला होता का त्याने?"

"मुलं मेंढरांमागे जायची, काका. आधी ती शाळेत यायला हवीत."

"तेच तर. आणि शेवटी पटावर किती?"

"कुणी नाही. दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी रिकामी होते."

"म्हणजे एकसुद्धा नाही?"

"नाही."

पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं, त्याचा लाल ठिपका वाढत वाढत माझ्या 'ब'वर गेला. मग काकांनी काही न विचारता दहापैकी नऊ दिले. माझं मत काय होतं ते वाचलंसुद्धा नाही. 'छान आहे', एवढंच होतं खरं तर.

मग बेरीज, शंभरात रूपांतर, खाली तारखेसहित सही. नवरा टॉवेलने डोकं पुसत आला, वहीत डोकावून म्हणाला, "अरे वा, पास!" त्याच्याशी मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

जाताना काका 'बनगरवाडी' घेऊन गेले. नाही कसं म्हणणार.

मी 'वॉर अँड पीस' पुढे वाचायला घेतलंय, केवळ रागाने. पान दोनशे बारा. सैन्य निघालंय. परवा रात्री अगदी रंगात आले होते आणि काकांचा फोन. म्हटलं काय झालं.

"अगं, ते मास्तरचं निम्मं झालं," काका म्हणाले. "तुझ्याकडे लाल रिफिल असेल का?"