सिग्नलवर ब्रेक सोडा म्हणे!

'नागपूरच्या कारचालकांसाठी महत्त्वाची सूचना' असा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं: सिग्नलवर ब्रेक दाबून ठेवू नका. उन्हाळ्यात ब्रेक ऑइल उकळतं, लायनर घासतात, बॅटरी उतरते, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स जातो. म्हणून गाडी न्यूट्रल करा आणि दोन्ही पाय मोकळे सोडा. आमच्या ताईने हे वाचलं आणि लगेच अमलातही आणलं. रामझुला उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत उभी असताना तिची गाडी मागे सरकली. मागचा मोपेडवाला ओरडला म्हणून निभावलं.

आधी उकळणारं ऑइल घेऊ. बाप्पा, डबीवर लिहिलेलं तरी वाचायचं! डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको आणि ओलावा शोषल्यावरही १४० पर्यंत, अशी प्रमाणित अट आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. नागपूरचा उन्हाळा कितीही छळो, मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर थांबला होता. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि हवामान खात्याने तो यंत्राचा बिघाड ठरवला. चला, ते ५६ सुद्धा खरे धरू. मग १४० गाठायला कुठून येणार उरलेले ८४? ब्रेक तापतो तो धावती गाडी थांबवताना. उभ्या गाडीत नवी उष्णता तयारच होत नाही. ऑइल उकळायची भीती चिखलदऱ्याचा घाट सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याने बाळगावी, व्हरायटी चौकात उभ्या असलेल्याने नाही. आणि मे महिन्यात भर दुपारी इथले बरेच सिग्नल वाहतूक पोलीसच बंद ठेवतात, ते वेगळंच.

लायनर घासायला चाक फिरावं लागतं. सहाणेवर खोड नुसतं टेकवून ठेवलं तर गंध उगाळलं जातं का? हां, हायवेवरून जोरात येऊन करकचून थांबलात, तर लाल तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर चिकटू शकतो. हे रेसवाल्यांचं दुखणं आहे, शंकरनगर चौकातलं नाही.

बॅटरीचं तर सोडाच. ब्रेक लाइटचे मागचे दोन बल्ब २१-२१ वॅटचे, आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते सहज पुरवतो.

खरा संताप येतो तो 'दोन्ही पाय मोकळे सोडा' वर. आपल्याकडे लाल दिवा लागला की दोन गाड्यांच्या फटीत मोपेड शिरते, समोर झेब्रा क्रॉसिंगवर माणसं असतात. ब्रेक नसलेली गाडी चढावर मागे जाते, उतारावर पुढे. मागून कोणी ठोकलं तर तीच गाडी पुढच्यावर ढकलली जाते. शिवाय मागून येणाऱ्याला आपण थांबलोय हे कळतं ते ब्रेक लाइटवरूनच. रात्री तो विझवून बसायचं?

यात अर्धं सत्य आहे, तेही नाइलाजाने सांगतो. ब्रिटनच्या हायवे कोडमधला नियम ११४ म्हणतो, की रांगेत उभे असताना पार्किंग ब्रेक लावा आणि मागची वाहनं थांबली की पायाचा ब्रेक सोडा, म्हणजे मागच्याच्या डोळ्यांवर ब्रेक लाइटचा झोत येणार नाही. म्हणजे पाय काढायचा, पण आधी हँडब्रेक ओढून आणि मागचा थांबल्यावर. मेसेजवाल्याने नेमका हँडब्रेकच गाळला! कारणही वेगळंच जोडलं.

ऑटोमॅटिकचं म्हणाल, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून जोर पोचवणाऱ्या गाडीत डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक दाबून थांबलं की इंजिनचा जोर ऑइलमध्ये फिरत राहतो, थोडी उष्णता होते, थोडं पेट्रोल जातं. गिअरबॉक्स त्याच हिशेबाने बनवलेला असतो. लांब थांबायचं असेल तर एन (न्यूट्रल) करा, हँडब्रेकसकट. एएमटीत, म्हणजे मॅन्युअलसारखाच क्लच-गिअर यंत्र स्वतः चालवतं अशा ऑटोमॅटिकमध्ये, तर उलटंच आहे. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटलेला राहतो, आणि ब्रेक अर्धवट सोडून गाडी हातभर पुढे, हातभर पुढे सरकवत राहिलं की क्लच प्लेट झिजते. टायमरवर ९० दिसत असताना तसं सरकणारे आपल्याकडे चौकाचौकात आहेत. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

मॅन्युअलवाल्यांना न्यूट्रलचा सल्ला ठीकच आहे. पहिला गिअर टाकून मिनिटभर क्लच दाबून बसलं की क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार येतो. पण तिथेही हँडब्रेक हवाच.

शेवटी लिहिलंय, 'आरटीओतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याची माहिती'. नागपुरात आरटीओची कार्यालयं तीन आहेत: एमएच ३१, ४० आणि ४९. यातलं कोणतं, तेवढं मेसेज पाठवणाऱ्याने कळवावं.