भाव कुठल्या बाजूचा?

काल दुपारी एका सद्गृहस्थांनी माझ्या दुकानात काडी ओढली. दुकान गालिच्यांचं. डोंबिवलीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. भिंतीला टेकवलेले रोल छतापर्यंत पोचलेले, त्यात पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन, ताग, कोपऱ्यात कृत्रिम हिरवळीची गुंडाळी. या सगळ्याच्या मधोमध काका उकिडवे बसले, गालिच्याच्या कडेचा एक धागा नखाने उपटला आणि "आता कळेल काय ते" म्हणत खिशातून काडेपेटी काढली.

गिऱ्हाईक ते नव्हतेच. गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं. नवा फ्लॅट, पाच बाय आठचा गालिचा हवा, रंग मळखाऊ. काका नुसते बरोबर आलेले. सोनाराकडे जाताना आत्याला नेतात, आमच्याकडे येताना काकांना. "काकांना कापडातलं कळतं," नवरा मला म्हणाला. काका परळच्या मिलमध्ये होते. हजेरी खात्यात होते, हे बऱ्याच उशिरा कळलं.

काडी ओढण्यापर्यंतचा प्रवासही सरळ नव्हता. आधी रंगावरून झालं.

"शेठ, हा माल उन्हात पडलेला दिसतो."

"नाही हो काका, सकाळीच गठ्ठा फोडलाय."

"मग इथून फिका आणि तिथून गडद कसा?"

मी शांतपणे सांगितलं की गालिच्याची लव विणतानाच एका अंगाला झुकते. ती जिकडे झुकलीय तिकडे तोंड करून बघितलं की उजेड वरवर सरकतो, रंग फिका दिसतो. उलट्या बाजूने बघितलं की नजर लवेच्या टोकांत शिरते, गडद दिसतो. यात खोट काही नाही, लव असलेला कुठलाही गालिचा असाच वागतो. काकांनी ऐकून घेतलं. मग एका टोकाला जाऊन उभे राहिले. मग दुसऱ्या. मग चपला न काढता मधून आडवे गेले. नंतर पुतण्याला एका टोकाला उभं केलं, सुनेला दुसऱ्या टोकाला, आणि दोघांची साक्ष घेतली.

"तुला कसा दिसतो?"

"चॉकलेटी."

"आणि तुला?"

"थोडा बदामी."

"म्हणजे सोफ्यावरच्या पाहुण्याला चॉकलेटी आणि खुर्चीवरच्याला बदामी. शेठ, यातला खरा कुठला?"

"दोन्ही खरे."

"असं कसं? भाव कुठल्या बाजूचा सांगितलात?"

"साडेपाच हजार. अख्ख्याचा."

"ते गडद बाजूचे झाले. फिक्या बाजूचे बोला."

इतकी वर्षं या धंद्यात आहे, घासाघीस ऐकून कान किटलेत, पण उजेडाच्या दिशेवर सूट मागणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय, तेही अर्धंच.

मग गाठी. काकांनी कुठेतरी ऐकलं होतं की गालिच्याची किंमत गाठींवर ठरते. त्यांनी कोपरा उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बॉलपेनच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. मी म्हटलं, काका, हा यंत्रावरचा आहे, याला गाठी नसतात. "गाठी नाहीत? मग सुटत कसा नाही?" म्हणून मी काश्मिरी गालिच्याचा हिशोब सांगितला. तिथे एकेक गाठ बोटांनी मारतात. बारीक कामात एका चौरस इंचाला चारशे गाठी धरा. एका चौरस फुटाला सत्तावन्न हजार सहाशे. पाच बाय आठच्या गालिच्याला तेवीस लाख चार हजार. माणसं महिनोन्‌महिने मागावर बसतात, म्हणून त्याची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. आकडे ऐकून काका क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, पोचलं.

"मग त्यातल्या निम्म्या गाठी कमी करून नाही का मिळत?"

मिळतो. त्यालाच उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा साधा माल म्हणतात, असं म्हणायचं जिभेवर आलं होतं. म्हटलं नाही, कारण भदोही-मिर्झापूरकडचे विणकर उत्तम कामही करतात आणि त्यांच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. काकांच्या नादात मी त्यांचा अपमान का करावा?

हे सगळं चालू असताना दुकानात कामाला असलेला पोरगा गालिचे पसरत होता आणि गुंडाळत होता. हे कुणाच्या लेखी काम नाही. आठ बाय दहाचा लोकरी टफ्टेड, म्हणजे कापडात धागे खोचून केलेला गालिचा पंचवीस किलोच्या आसपास भरतो. तो पोटमाळ्यावरून काढायचा, पसरायचा, "छान आहे, पण जरा तो वरचा दाखवा" ऐकायचं, परत गुंडाळायचा. इंग्लंडात विंडसरच्या किल्ल्यात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला एक अजस्र अखंड गालिचा आहे. आपल्याच आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला. १९९२ साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. माझ्याकडे एक पोरगा आहे, आणि त्याची कंबर विशीतच दुखायला लागलीय. साडी दाखवणाऱ्याला निदान बसून काम असतं.

तर काडी. धागा पेटला नाही, आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता आणि राख चिमटीत चुरली असती. काकांनी तो मणी सगळ्यांना फिरवून दाखवला. "प्लास्टिक! प्लास्टिक विकतोय हा माणूस!"

काका, मी आल्या आल्या सांगितलं होतं. मागच्या लेबलवर लिहिलंय. शंभर टक्के पॉलिप्रॉपिलीन. मुद्दाम तोच दाखवला, कारण तुम्ही डोंबिवलीत राहता. इथे पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत. लोकर दमट हवा धरून बसते, लक्ष दिलं नाही तर तिला कसर लागते, कपाट नव्हे तर दिवाणखाना डांबराच्या गोळ्यांनी भरावा लागतो. हा धागा पाणी पीत नाही, चहा सांडला तरी लवकर पुसला जातो. पण पेटलेल्या काडीपुढे स्पष्टीकरण कोण ऐकतो? मी फुंकर मारण्यात गुंतलो होतो.

शहाणा प्रश्न एकच आला, आणि तो दुकानाबाहेरून. सुनेने घरकामाच्या मावशींना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे अर्धे सौदे असेच ठरतात, आणि त्यात काही गैरही नाही, रोज उचलणार त्या. मावशींनी रंग विचारला नाही, गाठी विचारल्या नाहीत. "लादी पुसल्यावर वाळायच्या आत टाकला तर खालून कुजंल का?" असं विचारलं. कुजेल, मावशी. अस्तर ओलं राहिलं की आधी कुबट वास येतो, मग लादीला चिकटतं. मी त्यांना मनातून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "मग नको बाई, मला तेवढा दम नाही." सौदा मोडला.

या गडबडीत एका गोष्टीचा विचार कुणीच केला नाही. चपला काढून त्या गालिच्यावर दोन मिनिटं उभं राहायचा. पायाखाली घालायची वस्तू लोक डोळ्यांनी निवडतात, बोटांनी चाचपतात, नाकाने हुंगतात, आणि पाय तेवढे बाहेर ठेवतात. मापाचंही तेच. दिवाणखाना दहा बाय चौदा आणि नेणार चार बाय सहा, कारण स्वस्त. मग तो टीपॉयखाली पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखा दिसतो आणि "तुमच्या दुकानात मोठा वाटत होता" म्हणून मलाच ऐकवतात. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यायला हवेत, हे मी प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो आणि चार बाय सहा घेतो.

काकांची मंडळी अखेर एक पायपुसणं घेऊन गेली. एकशे ऐंशीचं, दीडशेला. जाताना पुतण्याने गालिच्याच्या लेबलचा फोटो काढला. तो कशासाठी काढतात हे आम्हाला कळत नाही असं यांना वाटतं. दुकानाचं भाडं मी भरायचं, दिवे मी लावायचे, पोऱ्याने कंबर मोडायची, आणि बघून झाल्यावर माल मोबाइलवरून मागवायचा. बरं, मागवा. पण मग निस्तरायला तरी तिकडेच जा ना.

ते होत नाही. आज सकाळीच एका बाईंचा फोन. दिवाळीआधी तासभर बघून गेलेल्या. गालिच्यावर कॉफी सांडलीय, काय करू? मी सांगितलं, घासू नका, सुती फडकं दाबून धरा, कडेकडून मध्याकडे या, गरम पाणी घालू नका. मग विचारलं, आमच्याकडचाच का?

"नाही हो, तुमच्याकडे बघितला होता तोच, पण मागवला ऑनलाइन. तुमचा मुलगा येऊन धुवायला घेऊन जाईल ना? तिसरा मजला आहे, लिफ्ट बंद आहे."

मी पाचशे सांगितले.

"एवढे? ते लोक साडेतीनशेत करतात."

मग करून घ्या म्हटलं त्यांच्याकडून, आणि फोन ठेवला.